सोडणं कुजतात तेव्हा खाडीच्या पाण्यात काय चालतं? जिवाणूंनी पेशीबाहेर सोडलेल्या एन्झाइमांविषयी

खाडीकाठ

नारळ सोलला की सोडण मागे उरतं. बरीचशी सोडणं चुलीत जातात, काही माडाच्या आळ्यात. काही गावांत मात्र ती अजून खाडीच्या कडेला चिखलात दाबतात, वर झावळ्या आणि दगड ठेवतात आणि कित्येक महिने तशीच सोडून देतात. मग बाहेर काढून दांडक्याने बडवली की मऊ भाग गळून जातो आणि हाताला काथ्या लागतो.

नुसतं कुजणं असतं तर काथ्याही उरला नसता. सोडणातलं काहीतरी निवडून खाल्लं जातं आणि काहीतरी तसंच राहतं. हे निवडणं खाडीतले जिवाणू करतात, तेही स्वतःच्या पेशीबाहेर. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त ओढ याच गोष्टीची वाटत आली आहे.

आधी सोडणाचं बघू. काथ्याच्या तंतूत सेल्युलोज असतं आणि लिग्निन भरपूर, वजनाच्या साधारण ४० टक्क्यांहून जास्त. लिग्निन पचवणं फार थोड्या जीवांना जमतं, आणि प्राणवायू नसलेल्या चिखलात ते जवळजवळ होतच नाही. या तंतूंना एकमेकांशी आणि भोवतीच्या भुसकट गराशी धरून ठेवणाऱ्या भागात पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. पेक्टिन म्हणजे मुख्यतः गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची, म्हणजे साखरेच्याच एका आम्लरूपाची, लांब साखळी. ती तुटली की तंतू सुटे होतात.

आता अडचण अशी की जिवाणूला तोंड नाही आणि पोटही नाही. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे पेशीभोवती दोन पटलं असलेल्या, जिवाणूच्या बाहेरच्या पटलात छिद्रं असतात, पण त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू सहज आत जातात. पेक्टिनची साखळी हजारो डाल्टनांची, कधी लाखाच्या घरातली. ती आत घेणं अशक्य. म्हणून पचवणारं प्रथिन, म्हणजे एन्झाइमच, बाहेर पाठवावं लागतं.

बाहेर गेलेलं एन्झाइम परत बोलावता येत नाही. पेशीच्या आत प्रथिनाला सांभाळणारी सगळी व्यवस्था असते: आम्लता ठरलेली, क्षार ठरलेले, घडी बिघडली तर सरळ करणारी दुसरी प्रथिनं. बाहेर यातलं काहीच नाही. भरतीला खारट, ओहोटीला आणि पावसात गोडं, दुपारी तापलेलं पाणी, आणि आजूबाजूला इतरांची प्रथिनं तोडणारी एन्झाइमं. अशा ठिकाणी टिकून काम करायचं तर ती तयारी रेणूच्या घडणीतच असावी लागते. पेशीबाहेरच्या एन्झाइमांची रचना बघताना मी नेहमी हा प्रश्न समोर ठेवते.

या बाबतीत सर्वांत बारकाईने अभ्यासलेला जिवाणू म्हणजे डिकिया डाडान्टी, पूर्वीचं नाव अर्विनिया क्रायसँथेमी. पोत्यातले बटाटे सडून पाणी सुटतं, तसली मऊ सड तो करतो. खाडीतल्या सोडणांवर नेमका हाच असतो असं नाही, तिथे अनेक जातींची वस्ती असते, पण पेक्टिन तोडण्याची तत्त्वं याच्यावरून चांगली कळतात. त्याच्या पेक्टेट लायेझ सी या एन्झाइमची त्रिमिती रचना १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्रथिनांची तशी घडण तोवर कुणी पाहिलेली नव्हती. प्रथिनाची साखळी सुंभाच्या वेटोळ्यासारखी एकावर एक फेरे घेत जाते. प्रत्येक फेऱ्यात तीन सरळ पट्टे आणि त्यांना जोडणारी वळणं. फेऱ्यांवर फेरे बसून तीन बाजूंना तीन सपाट भिंती तयार होतात. आतल्या पोकळीत अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या एकमेकींवर नीट रचलेल्या असतात, एका वळणावर अ‍ॅस्परजिनांची शिडीच दिसते. पाणी शिरायला आत जागा नाही. बाहेरच्या एका बाजूला लांब खाच आहे, तिच्यात पेक्टिनची साखळी आडवी बसते.

त्या खाचेत कॅल्शियम लागतं. पेक्टिनवर ऋण भार असतो, कॅल्शियमवर धन. कॅल्शियम साखळीला जागेवर धरतं, एन्झाइममधलं अर्जिनिन हे अमिनो आम्ल साखरेतला प्रोटॉन काढून घेतं आणि बंध तुटतो. पचनाची बहुतेक एन्झाइमं बंधात पाण्याचा रेणू घालून तो तोडतात. हे एन्झाइम मात्र पाणी न वापरता तोडतं आणि एका तुकड्यावर दुहेरी बंध मागे ठेवतं. तो दुहेरी बंध २३५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो, त्यामुळे प्रयोगशाळेत एन्झाइमचा वेग मोजणं सोपं जातं. हे एन्झाइम अल्कधर्मी पाण्यात चांगलं चालतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास आणि दर लिटरला कॅल्शियम साधारण ४०० मिलिग्रॅम. म्हणजे त्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी भरतीच्या पाण्यातून आयत्या मिळतात.

आतून बाहेर जाण्याचा प्रवासही दोन टप्प्यांचा आहे. तयार होताना प्रथिनाच्या टोकाला वीस-तीस अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, संकेत पेप्टाइड. तो पाहून सेक ही यंत्रणा उलगडलेली साखळी आतल्या पटलातून ढकलते, त्यासाठी एटीपी हे पेशीचं इंधन खर्ची पडतं, आणि पलीकडे तो तुकडा कापला जातो. प्रथिनांवर असे पत्ते लिहिलेले असतात हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. दोन पटलांमधल्या जागेत एन्झाइमची घडी पडते, आणि मग टाइप टू नावाची दुसरी यंत्रणा घडी पडलेलं अख्खं प्रथिन बाहेरच्या पटलातल्या मोठ्या छिद्रातून बाहेर काढते.

खर्च एवढा म्हटल्यावर जिवाणू ते उगाच तयार करत नाही. थोडंसं एन्झाइम सतत बाहेर जात असतं. जवळपास पेक्टिन असेल तर त्याचे बारीक तुकडे परत येतात, आत जाऊन त्यांचं रूपांतर होतं, आणि त्यातला एक पदार्थ जनुकांवर बसलेल्या रोधक प्रथिनाला बाजूला करतो. मग उत्पादन एकदम वाढतं. आलेले तुकडे शेजारचे आयतेही खातात. ते टाळण्यासाठी बरेच जिवाणू अन्नाला चिकटून, चिकट थरात राहतात, म्हणजे सुटलेला तुकडा फार लांब जात नाही. कुजत्या सोडणाला हात लावला की जो बुळबुळीतपणा जाणवतो त्यात हा थरही असतो.

कुणी काथ्याचं काम जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा.

सुरंगी

खूप आवडलं, दोनदा वाचलं. एक शंका आहे ताई. पेक्टिन तोडणारं एन्झाइम जिवाणूला अपाय करणार नाही, कारण त्याच्या अंगात पेक्टिन नाही. पण प्रथिनं तोडणारं एन्झाइम? जिवाणू स्वतःच प्रथिनांचा बनलेला आहे. बाहेर पाठवायच्या आधीच ते आतली प्रथिनं कसं खात नाही?

खाडीकाठ

सुरंगी, नेमका प्रश्न. बॅसिलस जातीचे जिवाणू सबटिलायसिन सोडतात, त्याचं उदाहरण घेते. काम करणाऱ्या रेणूत २७५ अमिनो आम्लं असतात. तयार होताना मात्र त्याच्यापुढे संकेत पेप्टाइड आणि त्याशिवाय ७७ अमिनो आम्लांचा आणखी एक तुकडा असतो. हा तुकडा दोन कामं करतो. त्याच्याशिवाय सबटिलायसिनची घडीच पूर्ण होत नाही, अर्धवट अवस्थेत ते अडकून राहतं. आणि घडी पडल्यावर तोच तुकडा काम करण्याच्या जागेवर आडवा बसून राहतो. एन्झाइम त्याला स्वतः कापतं, मग पचवून टाकतं, आणि तेव्हाच मोकळं होतं. हे सगळं पटलाच्या बाहेर घडतं. बॅसिलसला बाहेरचं दुसरं पटल नाही, त्यामुळे त्याची एन्झाइमं थेट पाण्यात जातात. कारखान्यांत एन्झाइमं बनवायला बॅसिलस इतका वापरतात त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी रीतही आहे. बॅसिलस अ‍ॅमायलोलिक्विफेशियन्स आरएनए तोडणारं बार्नेझ बाहेर सोडतो. चुकून ते आत राहिलं तर पेशी मरेल. म्हणून तो बारस्टार हे दुसरं प्रथिन आत तयार ठेवतो, ते बार्नेझच्या खाचेत घट्ट बसतं. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या ज्या मोहरीच्या वाणावरून इतका वाद झाला, ज्याला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, त्या डीएमएच-११ मध्ये वापरलेली जोडी हीच.

गावरहाटी

आमच्याकडे सोडणा खाडीतच घालतत. विहिरीच्या पाण्यात घातल्यार काय होतला? आणि त्या चिखलाक इतको वास कित्याक येता? माझी आजी सांगायची, भरतीचा पाणी लागूक होया, साचलेल्या पाण्यात काथो काळो पडता.

खाडीकाठ

आजींचं अगदी खरं आहे, आणि त्यामागे तीन-चार कारणं एकत्र आहेत.

वास एन्झाइमांचा नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला अडीच ग्रॅमांहून जास्त सल्फेट असतं. चिखलात प्राणवायू संपला की काही जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, तोच कुजक्या अंड्याचा वास. तो लोहाशी मिळाला की काळं आयर्न सल्फाइड होतं, खाडीचा चिखल खालून काळा असतो तो त्यामुळे. सोडणातून टॅनिनसारखे पॉलिफेनॉलही सुटतात, ते हवेत काळपट होतात. पाणी साचून राहिलं तर हे सगळं तंतूवर बसतं.

पॉलिफेनॉलचा आणखी एक त्रास असा की ते प्रथिनांना चिकटतात, आणि एन्झाइम हे प्रथिनच. भरती-ओहोटीने पाणी बदलत राहिलं नाही तर सोडणातून सुटलेला रस त्याच सोडणावरच्या एन्झाइमांना बंद पाडतो. त्यामुळे कुजायला वेळ लागतो.

आता विहीर. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात कॅल्शियम कमी. पेक्टेट लायेझला दोन्ही प्रतिकूल. काम थांबत नाही, कारण आम्लात चालणारी दुसरी पेक्टिनेझं असतात, पण वस्ती बदलते. आणि पाण्याचा साठा छोटा असला तर तो लवकर बिघडतो. विहिरीत किंवा तळीत मासे असतील तर कृपा करून सोडणं घालू नका, प्राणवायू संपून मासे मरतात.

रापण

मी मत्स्यशास्त्र शिकलो, रत्नागिरीलाच. सोडणाइतकाच हा विषय कोळंबीच्या सालींचाही आहे, म्हणून भर घालतो.

समुद्रात मरणाऱ्या प्रत्येक कोळंबीचं, खेकड्याचं, आणि पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कवचधारी जीवांनी टाकलेल्या कातींचं कवच कायटिनचं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांच्या एका पदार्थाचं. ते पचलं नसतं तर तळाशी नुसता थर साचला असता आणि त्यातला नायट्रोजन अडकून पडला असता. समुद्रातले कायटिन खाणारे जिवाणू झोबेल आणि रिटनबर्ग यांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते.

कायटिन पेक्टिनपेक्षा फार चिवट. त्याच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी इतक्या जवळ बांधलेल्या असतात की त्याचे स्फटिक होतात. सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूची कायटिनेझं, म्हणजे कायटिन तोडणारी एन्झाइमं, चांगली अभ्यासलेली आहेत. त्यांचा मुख्य भाग पिंपाच्या आकाराचा, आत आठ पट्टे आणि भोवती आठ सर्पिल. पिंपाच्या तोंडाशी खोल खाच. बंध तोडताना कायटिनच्याच साखरेवरचा अ‍ॅसिटिल गट कामाला लागतो, म्हणजे तुटणाऱ्या पदार्थाचाच एक भाग एन्झाइमला मदत करतो.

पण स्फटिकातली साखळी खाचेत शिरणार कशी, हा प्रश्न राहतोच. सेरेशिया त्यासाठी आणखी एक छोटं प्रथिन सोडतो. बरीच वर्षं वाटत होतं की ते नुसतं कायटिनला चिकटतं. २०१० मध्ये कळलं की ते ऑक्सिजन वापरून स्फटिकाच्या पृष्ठभागावरच साखळी कापतं. त्याला तांबं लागतं, आणि त्याला खोल खाच नाहीच, काम करणारी बाजू सपाट आहे, स्फटिकावर टेकण्याजोगी. रचना आणि काम यांचं इतकं सरळ नातं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

खाडीकाठ

रापण, फार सुंदर लिहिलंत. तुम्ही सांगितलेला पिंपाचा आकार पिष्ट तोडणाऱ्या जिवाणूंच्या अल्फा-अमायलेझमध्येही आहे, आणि तिथे कॅल्शियम घडी धरून ठेवतं. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेझ ९० अंशांच्या वर चालतं, म्हणून पिष्टापासून साखर करणाऱ्या कारखान्यांत ते वापरतात.

पांढरासमुद्र

मी डॉक्टर आहे, थोडं माझ्या बाजूचं. खाडीच्या मचूळ पाण्यात कॉलराचा जिवाणू व्हिब्रिओ कॉलरे नैसर्गिकपणे राहू शकतो, तेही कायटिनच्या कवचांना चिकटून. तो कायटिनेझ बाहेर काढतो ते टाइप टू यंत्रणेतून, आणि माणसाच्या आतड्यात कॉलराचं विष बाहेर काढतो तेही त्याच यंत्रणेतून. विषाचा ए हा भाग एन्झाइमच आहे. तो आतड्याच्या पेशीतलं एक नियंत्रक प्रथिन चालू स्थितीत अडकवतो, आणि क्षार व पाणी बाहेर पडत राहतं. त्या एका भागाला पाच बी भागांचं कडं पेशीवर नेऊन बसवतं. हे विष जिवाणूच्या पेशीबाहेर, त्याच्या द्रवात असतं हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. आपल्या देशातलं इतकं मोठं काम शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खाजण

आमचे कोळंबीचे तलाव आहेत, वन्नामेई करतो. तळाचा गाळ कमी होईल म्हणून दुकानदार बॅसिलसच्या पुड्या आणि एन्झाइमच्या बाटल्या दोन्ही देतो. यातलं काय घ्यावं?

रापण

खाजण दादा, तुमचा तलाव न पाहता कुठली पुडी ते सांगणार नाही, पण फरक सांगतो. पुडीत बॅसिलसचे बीजाणू असतात. ते पाण्यात रुजले, वाढले, तर एन्झाइमं सोडत राहतात. बाटलीत तयार एन्झाइम असतं. ते वाढत नाही. ते प्रथिन असल्यामुळे तलावातल्या इतर जिवाणूंचं अन्नही होतं, आणि अख्ख्या तलावाच्या पाण्यात फारच पातळ होतं. म्हणून बाटलीचा उपयोग पाण्यापेक्षा खाद्यात मिसळून जास्त पटण्यासारखा आहे.

दोन्हींत एक गोष्ट विसरू नका. गाळातली प्रथिनं तुटली की अमोनिया सुटतो, आणि बॅसिलसला वाढायला प्राणवायू लागतो. पहाटे प्राणवायू कमी पडत असेल तर पुडी घालून गोष्ट बिघडेल. आधी एरेटर आणि खाद्याचं प्रमाण तपासा. वेष्टनावर जिवाणूची जात, दर ग्रॅमला संख्या, आणि चालणारी क्षारता लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

सुरंगी

शिरोड्याच्या मिठागरांत उन्हाळ्याच्या शेवटी पाणी लालसर दिसतं, आणि खारवलेल्या मासळीवर कधी गुलाबी डाग येतात. तिथेही असेच जिवाणू असतात का? एवढ्या मिठात एन्झाइम टिकतं कसं?

खाडीकाठ

ते काटेकोरपणे जिवाणू नव्हेत, आर्किया. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा गट ओळखला. पण विषय तोच. मीठ पाण्याचे रेणू ओढून घेतं, आणि साधी प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. या मीठप्रेमींच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण भाराची अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, त्यांच्याभोवती पाणी आणि क्षार धरून राहतात. उलट गोड्या पाण्यात टाकलं तर हेच भार एकमेकांना ढकलतात आणि घडी उलगडते. मिठात घडी चटकन पडते, म्हणून यांतली बरीच प्रथिनं आतच घडी घालून टॅट नावाच्या यंत्रणेतून बाहेर जातात. सेकमधून साखळी उलगडलेलीच जावी लागते. गुलाबी पडलेली मासळी धुऊन वापरू नका. रंग गेला तरी प्रथिनं तुटलेलीच असतात.

काजूबोंड

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना यातलं काही डोळ्यांनी दाखवता येईल का? आमच्याकडे प्रयोगशाळा अगदी साधी आहे. खाडीचा चिखल आणून वाढवायचा विचार होता.

खाडीकाठ

काजूबोंड, चिखल वाढवू नका. बंद डबीत काय वाढेल सांगता येत नाही, डॉक्टरांनी वर लिहिलंच आहे. जिवाणूशिवाय त्याचं एन्झाइम दाखवता येतं.

ज्या कपड्याच्या पावडरीवर एन्झाइम असल्याचं लिहिलं आहे ती घ्या. त्यात बहुधा सबटिलायसिनच्या घरातलं एन्झाइम असतं. मासळीचं रक्त धुवायला ते कोमट पाण्यात वापरतात. चायना ग्रास पाण्यात उकळून घ्या, थोडं निवल्यावर साय काढलेलं दूध घाला, आणि बशीत ओतून पांढरी, अपारदर्शक थाळी होऊ द्या. स्ट्रॉने दोन खळगे पाडा. एकात पावडरीच्या पाण्याचे थेंब घाला. दुसऱ्यात तेच पाणी पंधरा मिनिटं चांगलं उकळून, निववून घाला. झाकून उबदार जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. दुधातलं केसिन तुटलं की तिथे थाळी पारदर्शक होते. मुलांना हातमोजे द्या, पावडर हुंगू देऊ नका.

चायना ग्रास समुद्रशेवाळातलं अगार आहे. काही समुद्री जिवाणू अगार तोडणारं एन्झाइमही सोडतात, प्रयोगशाळेत त्यांच्या वसाहती थाळीत खड्डा पडून खाली बसलेल्या दिसतात. हे मुलांना सांगितलंत तर त्यांना आवडेल.

उकळलेला खळगा गाळू नका. पावडरीतल्या सोड्यानेही दूध थोडं निवळतं. उकळलेल्या पाण्याभोवती जेवढं कडं उमटेल ते सोड्याचं समजायचं, आणि न उकळलेल्याभोवती त्याहून जेवढं जास्त उमटेल ते एन्झाइमचं.